पाणी ओसरल्यावर उघडणारे प्रदर्शन

फ्रान्सच्या उत्तरेला रुबे नावाचे एक गिरणगाव आहे. कापडाच्या गिरण्या, उंच धुराडी आणि कामगारांच्या दाटीच्या वस्त्या, असे त्याचे एकेकाळचे रूप होते. जुन्या गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्या सोलापूरकरांना या गावाची फारशी ओळख करून द्यावी लागणार नाही. गिरणीत राबणाऱ्यांच्या घरांत त्या काळी न्हाणीघर नसे. १९२० च्या दशकात तिथले नगराध्यक्ष जाँ-बातिस्त लेबा यांनी ठरवले की, या लोकांसाठी गावात एक उत्तम तलाव बांधायचा. अल्बेर बेअर या वास्तुविशारदाने तो बांधला आणि १९३२ मध्ये तो खुला झाला. पोहण्यासाठी पन्नास मीटरचा हौद, भोवती न्हाणीघरे आणि हौदाच्या दोन्ही टोकांना रंगीत काचांच्या प्रचंड खिडक्या. एका खिडकीत उगवता सूर्य, दुसरीत मावळता. गरिबाच्या आंघोळीसाठीही देखणी जागा हवी, असे मानणारी ती माणसे होती.

पुढे गिरण्यांना उतरती कळा लागली. छत धोक्याचे झाले म्हणून १९८५ मध्ये तलावही बंद पडला. आपल्याकडे अशा जागेचे काय होते, हे सांगायला नको. रुबेने मात्र तो पाडला नाही. २००१ मध्ये त्या तलावाचे कलासंग्रहालय झाले. हौदात पाण्याचा एक अरुंद पट्टा राखला, त्याच्या दोन्ही काठांवर पुतळे उभे केले, कपडे बदलण्याच्या खोल्यांत कलावस्तू मांडल्या. गावच्या गिरण्यांत विणल्या गेलेल्या कापडांचे नमुनेही तिथे जपून ठेवले आहेत. संग्रहालयाला लोक अजून तलावच म्हणतात. अधूनमधून तिथे एक ध्वनिमुद्रण वाजते. पाण्यात डुंबणाऱ्या मुलांचा तो कलकलाट असतो. पुतळे पाहायला आलेल्या माणसाला क्षणभर वाटते की, पलीकडे कोणीतरी आत्ताच उडी मारली.

ही हकीगत मला कलेपेक्षाही माणसांसाठी महत्त्वाची वाटते. त्या हौदात ज्यांनी हातपाय मारले, तीच माणसे म्हातारपणी नातवंडांना घेऊन तिथे जाऊ शकतात. एरवी ज्यांनी कलादालनाची पायरी कधी चढली नसती, त्यांना तिथे परके वाटण्याचे कारण नाही. जागा त्यांची, आठवण त्यांची. कला तिथे नंतर आलेली पाहुणी.

पोहण्याची जागा आणि कलेची जागा एकच असावी, ही कल्पना आपल्याला नवी वाटू नये. आपल्या बारवा दुसरे काय आहेत? पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या, भिंतींत देवकोष्ठे, कोष्ठात एखादी मूर्ती. जुन्या शिल्पशास्त्राने तर उतरण्याच्या वाटा मोजून त्यांना नावे दिली आहेत. एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन असतील तर जया आणि चार असतील तर विजया. करमाळ्याच्या कमलाभवानीपाशी शहाण्णव पायऱ्यांची म्हणून प्रसिद्ध असलेली हत्तीबारव आहे. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी पिढ्या अशाच पाण्यात पोहायला शिकल्या. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि थोरल्याने धाकट्याला वरून ढकलून द्यायचे. कोष्ठातला गणपती हे सगळे पाहत असायचा. त्याच्याकडे पाहायला म्हणून कोणी मुद्दाम जात नसे, पण तो नसता तर सगळ्यांना चुकल्यासारखे झाले असते.

रुबेची गोष्ट वाचली तेव्हा मला प्रथम आठवली ती मात्र बारव नव्हे, आठवली उजनी. रुबेत आधी पाणी होते आणि पाणी गेल्यावर तिथे कला आली. भीमेच्या काठावर आधी कला होती, मागाहून तिच्यावर पाणी आले.

माढा तालुक्यात भीमानगरजवळ भीमेला बांध घातला गेला आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातले करमाळा आणि माढा, पुणे जिल्ह्यातले इंदापूर आणि दौंड, त्या वेळच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जत, अशा तालुक्यांतली नदीकाठची गावे त्याआधीच्या काही वर्षांत उठली आणि वर माळावर जाऊन बसली. घरांचे वासे, दारे, जाती, उखळे जमेल तशी बैलगाड्यांतून नेली. देवही नेले. देवळे मात्र जागीच राहिली. सोलापूर-पुणे महामार्गावरून जाताना इंदापूर ओलांडले की पळसदेव लागते. तिथल्या जुन्या गावचे पळसनाथाचे मंदिर असेच पाण्यात गेले. पिंड वर आणून नव्या गावात नवे मंदिर बांधले गेले. जुन्या मंदिराचे शिखर पाणी उतरू लागले की हळूहळू वर येते आणि कडक उन्हाळ्यात सबंध मंदिरच उघडे पडते.

कडक उन्हाळा म्हणजे किती, हेही समजून घेतले पाहिजे. उजनीचा साठा साधारण ११७ अब्ज घनफूट, म्हणजे ११७ टीएमसी धरला जातो. त्यातले सुमारे ५३.५ टीएमसी पाणी उपयुक्त साठ्यात मोडते आणि सुमारे ६३.५ टीएमसी मृत साठ्यात. वर्तमानपत्रांत रोज येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. तो संपला की शून्य टक्के आणि त्याखाली उपसा सुरू झाला की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात ही टक्केवारी उणे साठच्या जवळ गेली होती. मृत म्हणून बाजूला ठेवलेल्या पाण्यातले निम्मे पाणी आपण वापरले होते. तात्पर्य, भीमाकाठचे हे प्रदर्शन उणे टक्क्यांत उघडते. त्याची तारीख पंचांगात नाही की पत्रिकेत नाही. सोलापूरच्या घराघरांत पाच-सहा दिवसांचे पाणी पिंपात भरून ठेवायची वेळ आली, म्हणजे समजावे की तिकडे दार उघडले आहे.

त्याच २०२४ च्या मे महिन्यात, पहिल्या पंधरवड्यात, एका रविवारी मी, सौ. आणि आमची बारा वर्षांची लेक असे तिघे पळसदेवला गेलो. महामार्ग सोडून गावातून खाली उतरलो. एरवी जिथे होड्या लागतात तिथून पुढे वाळलेला गाळ पसरलेला होता. त्याला इतक्या रुंद भेगा पडल्या होत्या की, लेकीची चप्पल दोनदा अडकली. शिंपले, जाळ्याचे तुकडे, मेलेली चिलापी. लांबवर पाण्याच्या कडेला रोहित पक्ष्यांचा शेवटचा थवा उभा होता. वाटेत आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे भेटली. डबे, पाण्याच्या बाटल्या, डोक्यावर टॉवेल. जत्रेला निघाल्यासारखेच सगळे चालले होते, फक्त जत्रेचा गलका नव्हता. का कोण जाणे, मंदिर जवळ आले की लोक हळू बोलू लागत.

मंदिर समोर आले तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरले ते शिखर. चुन्या-विटांचे, उंच, जागोजागी झिजलेले, पण उभे. इतकी वर्षे लाटांचा मार खाऊन वीट उभी राहते, तेव्हा चुना मळणाऱ्या त्या गवंड्यांना हात जोडावेसे वाटतात. खाली दगडी मंडप, नक्षीचे खांब, खांबांच्या खाचांत वाळलेला गाळ. गाभाऱ्यात देव नाही. दिवा नाही, घंटा नाही, फूल नाही. आमच्यापुढे एक बाई होत्या. त्यांनी सवयीने चप्पल बाहेर काढली, आत जाऊन रिकाम्या जागेला हात जोडले आणि क्षणभर घोटाळल्या. देव तर वर नव्या गावात. मग नमस्कार कोणाला झाला?

मला वाटते, तो नमस्कार हाताच्या कामाला झाला. नांदत्या देवळात आपण शिल्पे पाहत नाही. रांग, गर्दी, हार, प्रसाद यांत खांबांकडे पाहायला सवड कोणाला? पळसदेवच्या मंदिरातून देव उठून गेला आणि मागे राहिली ती निव्वळ कारागिरी. कोणी ठरवून न करताही त्या देवळाचे कलादालन झाले. भिंतीवर चिठ्ठी नाही, माहितीफलक नाही, राखणदारही नाही. पाहणारे मात्र आहेत.

आवारात वीरगळ होते. लेकीने विचारले, हे काय? मी तिला म्हटले, हे दगडातले चित्रकथेचे पान आहे, फक्त ते खालून वर वाचायचे. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडला आहे. पुष्कळदा तो गावची गुरे राखताना पडलेला असतो. मधल्या चौकटीत लढाई, नाहीतर त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. अगदी वर चंद्र-सूर्य. जोवर ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. जवळच सतीशिळा होती, तिच्यावर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात. तो हात पाहून लेक काही बोलली नाही, सौ. म्हणाली, "वीराला चार चौकटी आणि तिच्या वाट्याला नुसता हात." एवढ्या एका वाक्यात बरेच काही आले.

आमचे हे बोलणे एक म्हातारेबाबा ऐकत होते. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात काठी. ते पाहायला आलेले नव्हते, गावचेच होते. नातवाने मोटारसायकलवरून आणून सोडले होते, संध्याकाळी न्यायला येणार होता. लेकीने विचारले, "आजोबा, तुमचं घर कुठं होतं?"

"ते बगळं बसलंय न्हवं, त्याच्या जरा अलीकडं," काठी रोखून ते म्हणाले. तिथे गाळाशिवाय काही नव्हते. पण त्यांनी बोट दाखवले ते आपण घराची खिडकी दाखवतो तसे, मुळीच न चाचपडता. मग म्हणाले, "हितं खाली भिमेचा डोह व्हता. माज्या बानं भोपळा बांधून मला ढकललं ते हितंच. उन्हाळ्यात आमी पोरं दिवसभर मुटकं मारायचो. बायांची धुणी पल्याडच्या अंगाला. देवळाची सावली पाण्यात पडायची, ती शिवून यायची पैज लागायची."

"मग आता?"

"आता समदंच डोह झालंय बाळा, पर पवायला कुणी येत न्हाई." थोडे थांबून म्हणाले, "देव वर न्हेला. देऊळ कसं न्यायचं?"

त्या दिवशी तिथे शेकड्यांनी माणसे आली असतील. त्यांतल्या बहुतेकांनी शिखर पाहिले, छायाचित्रे काढली आणि ऊन चढले तशी ती परतली. बाबांच्या काठीचे टोक कोठे रोखले होते, हे आम्हा तिघांशिवाय कोणी पाहिले नसावे. मला तर त्या दिवशीच्या प्रदर्शनातली सर्वांत मौल्यवान वस्तू ती काठीच वाटली. शिल्पांच्या तसबिरी निघाल्या आहेत, निघत राहतील. डोह कोठे होता, सावली किती लांब पडायची, हे सांगणारा माणूस मात्र एकदा गेला की गेला. १९७६ साली जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, तो २०२६ मध्ये पासष्ट वर्षांचा होतो. ज्यांनी त्या काठावर संसार केला, ती माणसे ऐंशीच्या पुढची. पाणी पुन्हा केव्हा इतके ओसरेल हे कोणाच्या हाती नाही. २०२५ मध्ये तर मे महिन्यातच धो-धो पाऊस झाला आणि धरण वेळेआधीच चढू लागले. शेतकऱ्याने त्याबद्दल देवाचे आभार मानले आणि ते योग्यच होते.

आणि नेमकी इथेच आपली अडचण आहे. हे प्रदर्शन उघडावे असे कोणी म्हणू शकत नाही, कारण ते उघडणे म्हणजे दुष्काळ. पाहायला आलेला माणूस ज्या वाटेने चालतो, ती कोणाच्या तरी आटलेल्या पाण्याची वाट असते. कडेच्या उसाला पाणी पोचवायला शेतकऱ्याने पाइपावर पाइप जोडत विद्युतपंप आत आत नेलेला असतो. त्या पंपावरून उडी मारून आपण शिल्पे पाहायला जातो. मनाला हे कोठेतरी खटकते आणि खटकलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट दगडांची. कायम पाण्याखाली राहिलेली वस्तू पुष्कळदा टिकून जाते. कायम कोरडी राहिलेलीही टिकते. पण सहा महिने भिजणे, दोन महिने तापणे, पुन्हा भिजणे, हे दगडालाही सोसत नाही. आत शिरलेले पाणी सुकताना क्षार मागे ठेवते आणि ते क्षार पृष्ठभागाचे पापुद्रे सोडवतात. लाटांचा मार पाण्याच्या रेषेवर सर्वांत जास्त बसतो. पाणी चढता-उतरताना ही रेषा वर्षातून दोनदा सबंध मंदिरावरून फिरते. त्यात भर आमची, म्हणजे पाहुण्यांची. त्या दिवशी दोन तरुण शिखराच्या विटांवर पाय देऊन चढताना मी पाहिले. त्यांना वाईट म्हणवत नाही. चढू नये असे सांगायला तिथे कोणी नव्हते आणि कोठे लिहिलेलेही नव्हते. मोकळे पडलेले वीरगळ तर कोणीही हलवावेत असे. वास्तविक १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने शिल्प हा पुरावशेष ठरतो. तो मनाला येईल तसा उचलून नेता येत नाही. पण ज्याची मोजदादच नाही, ते गेले हे कळणार कसे?

पलीकडच्या काठावर, करमाळा तालुक्यात, कुगावला इनामदारांचा वाडा असाच पाणी उतरले की दिसू लागतो. त्याच कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला होड्या जातात. धरण झाले आणि समोरासमोरची गावे एकमेकांपासून दूर गेली. रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून माणसे पाण्यावरून जातात. आम्ही जाऊन आलो त्यानंतर, २१ मे २०२४ रोजी, वादळात सापडून तिथली एक होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती माणसे प्रदर्शन पाहायला निघालेली नव्हती, आपल्या रोजच्या वाटेवर होती. उजनीच्या पाण्याकडे पर्यटनस्थळ म्हणून पाहणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. आपल्याला जे दृश्य आहे, ती काठावरच्या माणसाची रोजची वाट आहे आणि त्या वाटेची जोखीमही तोच उचलतो.

यावर कोणी म्हणेल, इथे प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला दगडांची पडली आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, पण निम्माच. पाणी आधी, याबद्दल दुमत नाही. पण उजनीच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यात जो ऊस उभा राहिला, जे कारखाने उभे राहिले, ज्या नळांना पाणी आले, त्या सगळ्याची किंमत याच गावांनी मोजली आहे. जमिनीचा मोबदला कमी-अधिक का होईना, मिळाला असेल. पोहण्याच्या डोहाचा, देवळाच्या सावलीचा मोबदला कोठल्याही कागदावर नसतो. तो पैशांत देताही येत नाही. तो एकाच प्रकारे देता येतो. जे गेले ते आम्हाला माहीत आहे, आम्ही ते जपून ठेवले आहे, असे त्या माणसांना दाखवता आले पाहिजे.

हे अशक्य नाही. आंध्रात कृष्णेवर नागार्जुनसागर धरण होणार हे ठरले, तेव्हा १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात मोठे उत्खनन झाले. पाण्याखाली जाणाऱ्या बौद्ध अवशेषांतले कितीतरी उचलून टेकडीवर नेले गेले. ती टेकडी आज बेट आहे आणि बेटावर संग्रहालय आहे. ते फार मोठे काम, सरकारने मनावर घेतलेले. आपल्या आणखी जवळचे उदाहरण गोव्याचे. सांगे तालुक्यातले कुर्डी हे गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे गाव, साळावलीच्या धरणात गेले. तिथले महादेवाचे प्राचीन मंदिर दगडादगडाने सोडवून धरणाजवळ पुन्हा उभे केले गेले. आणि दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीची माणसे, हिंदूही आणि ख्रिस्तीही, आपापल्या नव्या गावांहून तिथे येतात. कोणी देवळापाशी जमतात, कोणी चॅपेलच्या जागी. घराच्या जोत्यावर बसून मुलांना सांगतात, इथे आपली चूल होती. ती माणसे तिथे पर्यटक म्हणून येत नाहीत, यजमान म्हणून येतात. मला सांगायचे आहे ते एवढेच.

एकेका दगडाला मोल किती असते, हे सोलापूरकरांना तरी बाहेरून शिकायला नको. याच भीमेच्या काठी, खाली जिथे सीना येऊन मिळते, त्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे १०१८ चा मराठी लेख आहे. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो वाचला आणि आपल्या भाषेच्या इतिहासात एका ओळीची भर पडली. शतकानुशतके लोक त्या दगडाजवळून येत-जात होते. कोणीतरी थांबून धूळ झटकली म्हणून तो बोलला. हत्तरसंग कुडल धरणाच्या खालच्या अंगाला आहे म्हणून थांबून पाहायला वेळ मिळाला. वरच्या अंगाच्या गाळात अजून काय पडले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मग करावे काय? मोठमोठ्या योजना सुचवण्यात अर्थ नाही. शिखर उचलून वर आणा, असे कोणी म्हणणार नाही. पण चार गोष्टी गावपातळीवर होण्यासारख्या आहेत. पाणी ओसरेल त्या उन्हाळ्यात पुरातत्त्व खात्याच्या माणसाने, काठावरच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन, दिसेल त्या प्रत्येक कोरीव दगडाला क्रमांक द्यावा, मापे घ्यावीत, छायाचित्र काढावे. मोकळे पडलेले वीरगळ आणि सतीशिळा खात्याच्या परवानगीने वर आणाव्यात. मात्र त्या जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊ नयेत. ज्या गावच्या आहेत त्याच गावात, ग्रामपंचायतीच्या नाहीतर शाळेच्या आवारात, साध्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या कराव्यात. शेजारी सातवीच्या मुलाला वाचता येईल असा मराठीत फलक असावा. होड्यांना आणि प्रवाशांना सुरक्षेची साधने असावीत, वाऱ्याचा अंदाज घेऊनच त्या सुटाव्यात आणि मंदिरापाशी गावचाच एखादा माणूस मानधनावर राखणदार असावा.

आणि चौथी गोष्ट, जिला पैसा जवळजवळ लागतच नाही. काठावरच्या शाळांनी म्हाताऱ्या माणसांना एकदा वर्गात बोलवावे, नाहीतर मुलांनी त्यांच्या घरी जावे. आता प्रत्येक घरात मोबाइल आहे, त्यात आवाज मुद्रित होतो. डोह कोठे होता, बाजार कोणत्या वारी भरायचा, पाणी पहिल्यांदा उंबऱ्याला लागले तेव्हा घरात कोण काय म्हणाले, हे त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच आवाजात साठवून ठेवावे. रुबेच्या संग्रहालयात मुलांचा कलकलाट वाजतो. भीमाकाठच्या शेडमध्ये एखाद्या आजोबांचा आवाज का वाजू नये? वीरगळासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला तो सांगेल की, हा दगड आमच्या वेशीत होता आणि आम्ही पोहून आलो की ओल्या अंगाने त्याला टेकून बसायचो.

यातली एकही गोष्ट दुष्काळाची वाट पाहत नाही. पहिल्या कामाला कोरडा उन्हाळा लागेल हे खरे, पण ते एकदा झाले की झाले. त्यानंतर धरण शंभर टक्के भरलेले असतानाही, बाहेर धुवाधार पाऊस चालू असतानाही, ते दालन उघडे राहील. आज आपल्यावर अशी वेळ आहे की, आपली कला डोळे भरून पाहायची तर नदी आटावी लागते. चांगल्या पावसाच्या वर्षी काठावरच्या माणसाने पिकाकडे पाहून हसावे आणि गावच्या दगडांसाठी त्याला मनातून जराही चुटपुट लागू नये, एवढी सोय आपण करू शकतो. ज्यांनी सगळ्यांसाठी गाव सोडले त्यांच्यासाठी हे फार नाही. ज्यांना त्या गावाच्या गल्ल्या काठीच्या टोकाने दाखवता येतात ती माणसे अजून काठावर आहेत, तोवर ते केले पाहिजे.